चादरींच्या कपाटातला स्फटिक

वहिनीकडे जेवून सुस्तावलो आणि आडवं होण्यासाठी कपाटातली सगळ्यांत खालची चादर ओढली. चादरीबरोबर अंगठ्याएवढी एक बाटली घरंगळत आली. ती फुटली नाही, पण आत काहीतरी टिचलं.

"भाऊजी, हलू नका," वहिनी दारातून म्हणाली.

चादरीचं टोक हातात धरून मी पुतळा झालो.

वहिनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत स्टेरॉइडांचे रेणू बघते आहे. स्टेरॉइड म्हटलं की दादाला पैलवानांचे दंड आठवतात. वहिनीला आठवतो चार कड्यांचा रेणू, ज्याच्या डोक्याला हायड्रोजन पुढे करणारा हात आहे आणि शेपटीला तो धरून ठेवणारा ऑक्सिजन. या धरण्याला हायड्रोजन बंध म्हणतात. पातळ द्रावणात रेणू आपापले फिरतात, दाट केलं की एकमेकांना धरतात. द्रावणातून अवरक्त किरण सोडून काढलेल्या आलेखात एकटा रेणू बारीक सुळका काढतो, धरलेला पसरट टेकडी. मात्र कोणी कुणाला कुठे धरलंय, यावर वहिनीचं आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं अकरा वर्षं जमत नव्हतं. वहिनी म्हणायची, डोकं शेपटीला. सर म्हणायचे, डोकं डोक्याला. निकाल लावायला स्फटिक हवा होता. प्रयोगशाळेत लिफ्टचे हादरे बसतात, म्हणून तीन आठवडे तो चादरींमध्ये वाढत होता. सोमवारी क्ष-किरणांच्या यंत्रावर तिचा नंबर होता आणि महिनाअखेर निवृत्ती.

"दुसरी बाटली असेलच ना?" मी विचारलं.

"ही एकच."

तिने तुकडे काचेवर घेतले आणि भिंगाला डोळा लावला.

"चहा करू?"

"नको. भिंगावर वाफ बसेल."

पंधरा मिनिटं ती सुईने एकेक तुकडा उलटून बघत होती. मी चादरीची घडी सहा वेळा घातली.

"हा एक चालेल," शेवटी ती म्हणाली. "साखरेच्या निम्म्या दाण्याएवढा पुरतो."

"मग एवढा मोठा कशाला वाढवला?"

"घरी पाहुणे येतात ना."

पुढच्या रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर निकालाचं चित्र पसरलं. एका रेणूचं डोकं, दुसऱ्याची शेपटी, आणि मध्ये दोघांना धरून बसलेला पाण्याचा एक रेणू.

"म्हणजे सरांचं चुकलं!" दादा म्हणाला.

"माझंही. कोरड्या द्रावणात माझं बरोबर असेलही, स्फटिकात नाही." अहवालात तिने हेच लिहिलं होतं. आपली चूक आधी, सरांची नंतर.

मी मात्र ते पाणी सोडायला तयार नव्हतो. बाटली पडली, बूच ढिलं झालं असेल, दमट हवा आत गेली असेल. शोधात आपलाही खारीचा वाटा निघत होता.

"वहिनी, खरं सांगा, ते पाणी माझ्या धांदलीतच आत शिरलं ना?"

तिने चित्राची गुंडाळी केली.

"ते तीन आठवडे स्फटिकाबरोबरच वाढत होतं. भाऊजी, एवढे महत्त्वाचे नाही तुम्ही."