डोळ्यांदेखत काढलेलं दूध

कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाईक पेला हातात घेऊन जनावराशेजारीच उभं राहतं. समोर धार काढायची आणि फेसासकट पेला तोंडाला लावायचा. तिथे बहुतेक म्हशीच; हंबीरराव चौगुले मात्र चाळीस वर्षं गाय आणतात. दुधात पाणी घालणाऱ्याचं त्यांना इतकं वावडं, की कुणी नुसता विषय काढला तरी त्यांचा चेहरा आंबट होतो.

मध्यंतरी त्यांच्या गायीच्या एका सडाला सूज आली. गुरांच्या डॉक्टरांनी त्या सडात पेनिसिलिनची ट्यूब सोडली आणि पाच दिवस दूध विकू नका म्हणून बजावलं. हंबीररावांनी आपला तर्क लढवला. औषध एका सडात, म्हणजे खराब दूधही त्याच सडाचं. ते इमानेइतबारे ओतून देऊन उरलेल्या तीन सडांचं त्यांनी गिऱ्हाइकांना पाजलं. मनात पाप नव्हतं, अक्कल मात्र कमी पडली, हे म्हणायलाच हवं.

राजारामपुरीतले निवृत्त मास्तर नृसिंह जोशी त्यांचे रोजचे गिऱ्हाईक. त्यांना पेनिसिलिन चालत नाही. दुसऱ्या दिवशी दूध पिऊन घरी पोचेपर्यंत त्यांचे ओठ सुजले, श्वास कोंडला आणि दवाखाना गाठावा लागला. ते कानावर येताच हंबीरराव गुरांच्या डॉक्टरांकडे धावले. औषध रक्तातून चारही सडांत उतरतं, हे त्यांना तिथे कळलं.

दोन दिवसांनी जोशी पेला घेऊन पुन्हा हजर. बाहेरची भजी बाधली, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. हंबीरराव गाय घरी ठेवून नुसतेच आले होते. चारचौघांत त्यांनी सांगितलं, "काका, तुमास्नी माझ्याच दुधानं झालं. औषध सगळ्या सडांत उतरतंय. मला ठावं न्हवतं, पर पाजलं मीच."

जोशी तोंड फिरवून शेजारच्या ज्ञानूच्या म्हशीकडे गेले. आपल्या जनावरानं सुई-औषध कधी बघितलं नाही, असं ज्ञानू मोठ्यानं सांगत होता. हंबीररावांनी त्याला कालच डॉक्टरांकडून तीच ट्यूब नेताना पाहिलं होतं. पेला जोशींच्या ओठांपाशी गेला, तसा हंबीररावांनी पुढे होऊन तो हिसकावला आणि उपडा केला.

सगळा कट्टा हंबीररावांवर तुटून पडला. जोशी तर लालबुंद झाले होते.

"तुमचं नाव गेलं, म्हणून आता दुसऱ्याचं घालवता?"

एवढं बोलून ते तरातरा चालू लागले. श्वास मात्र अगदी नीट चालला होता.