पाल्याखालची ऊब

वेणूबाईचे भाताचे खाचर बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, रानाच्या पायथ्याशी होते. त्याला तिने कधी पोत्यातले खत घातले नाही. वरच्या ऐनाच्या झाडांखाली साचलेला पाला पावसाळ्यात कुजे आणि उतारावरून येणारे काळे पाणी भाताला पोसत असे. उन्हाळ्यात ती त्या पाल्यात मनगटापर्यंत हात खुपसून पाही. आत ओल आणि ऊब लागली की निर्धास्त होई.

अलीकडे ऊब लागेनाशी झाली होती. पाऊस चार दिवसांत कोसळून जाई, मग आभाळ कोरडे. वाळवी दिसेना, अळंबी उगवेना. यंदाच्या पानांखाली गेल्या वर्षीची पाने, त्यांखाली त्याच्या आधीची. सगळी अख्खी, पापडासारखी. उतारावरचे पाणी नुसते तांबडे येई आणि लोंब्या पोचट निघत.

"रानानं जेवण टाकलंय, आये," अंबरनाथच्या कारखान्यात जाणारा तिचा मुलगा विनीत म्हणाला. "यंदा भात नाय झाला तर खाचर बिल्डरला देऊन टाकू. तू टॉवरमध्ये कुंडीत लाव भात."

"कुंडीत तूच बस. मी पाणी घालीन."

चैत्र सरताना तिने राब भाजला. रोपांच्या वाफ्यावर पाला, फांद्या पसरून पेटवून दिल्या, नेहमीसारख्या.

"बांधावर पाणी मारू का?" विनीतने विचारले.

"कधी मारलं व्हतं आजवर?"

बांधाकडे सरकणारी धग तिने हिरव्या डहाळीने झोडपून विझवली. रानाच्या दिशेने एक ठिणगीही उडाली नाही.

दोन दिवसांनी ती ऐनांखाली गेली. सवयीने हात खुपसला, आणि तशीच खाली बसली. पाला उबदार होता. दोन-तीन वर्षांनी तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

"विन्या, वर ये रं. रान कुजाया लागलं."

विनीत चढून आला. तिच्याशेजारी वाकला, वास घेतला आणि तिचे मनगट धरले.

"आये, हात काढ."

तिने हात बाहेर काढला. बोटांना काळी ओल नव्हती, राख होती. बांधावरच्या पाल्याखालून शिरलेली आग न कुजलेल्या थरांतून दोन दिवस गुपचूप वर सरकत होती.

पलीकडच्या ऐनाच्या बुंध्याशी पाला आपोआप खचला. त्या खळग्यातून धुराची बारीक रेघ निघाली, आणि धरणाकडून वारा सुटू लागला.