हार नाकारणारा पाहुणा

ई-मेलवरच्या मंडळींनो, दहावीतल्या एका मुलीचा मोठा भाऊ उद्या डॉक्टरांकडे जायला तयार झाला आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी आत्ताच फोनवर सांगितलं. नावं विचारू नका.

सकाळी चामराजपेट भागातल्या तिच्या शाळेत नशेबद्दल कार्यक्रम होता. आधी डॉक्टर बोलले, मग पत्रकार म्हणून मी. आम्हाला हार, शाल, टाळ्या मिळाल्या. "काही प्रश्न?" म्हटल्यावर मात्र सगळ्या माना खाली.

मग शाळेचा जुना विद्यार्थी रमेश उठला. तो पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो.

"हार नको, बाई," तो म्हणाला. "हार घातला की ही पोरं नुसत्या टाळ्या वाजवतात."

तो थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसला. सगळा वर्ग मागे वळला.

"याच बाकाखाली मी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या लपवायचो. दोन वर्षं रोज प्यायलो. खोकला एकदाही नव्हता."

पोरं खो-खो हसली. तेवढ्यात एक मुलगी हळूच म्हणाली, "अण्णा, माझ्या भावालाही खोकला नाही."

हसणं थांबलं. रमेशने उपदेश केला नाही. "सरी, ठीक आहे," तो म्हणाला, "त्याच्यावर कुणी ओरडू नका. संध्याकाळी मी घरी येतो."

तो खरंच गेला.

आमची भाषणं चुकीची नव्हती. पण त्या मुलीने आम्हाला काही सांगितलं नसतं. तुमच्या मुलांनी कुणाला सांगितलं असतं?

उद्या सकाळी रमेश अर्ध्या दिवसाची रजा घेऊन त्या भावाबरोबर दवाखान्यात जाणार आहे.