उलटं मांडलेलं पान

बायकोसाठी मी केळीचं पान वाढलं आणि ते चक्क उलटं वाढलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या हाताला आणि भाज्या उजव्या, एवढं मला ठाऊक होतं. पण मी तिच्या पाटासमोर बसून वाढत होतो आणि डावा-उजवा माझा धरला. थोडक्यात, पान मी स्वतःलाच वाढलं. सवय, दुसरं काय.

टायफॉइडनंतर तीन आठवडे तिच्या तोंडाला चव नव्हती. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची. म्हणून म्हटलं, नुसतं बघूनच भूक लागेल असं काहीतरी मांडू. पान पुसलं, तसा त्याचा हिरवा रंग उजळला. त्यावर भाताची मूद, पिवळं वरण, बिटाची लालभडक कोशिंबीर. लांब जाऊन दोनदा पाहिलं, लिंबाची फोड जराशी सरकवली. सणासुदीला असं पान माझ्यापुढे इतकी वर्षं येत होतं आणि मी न बघताच भात कालवायचो. तीही दर वेळी अशीच लांबून बघत असेल आणि मग मला हाक मारत असेल. फार उशिरा कळलं, पण इतक्या वर्षांची ती जेवणं आज गोड लागली.

ती पाटावर बसली. तिने पान अलगद फिरवून घेतलं आणि जेवायला लागली. भात संपला.

“आणखी वाढा,” ती म्हणाली. “आणि एवढा वेळ लिंबू सरकवत बसलात, त्यात वरण एकदा चाखून बघितलं असतंत तर मीठ राहिलं नसतं.”