ताकायामातला रविवार

वकिलाने मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, सध्या देशाबाहेर जाऊ नका. तुमचा ग्रीन कार्डाचा अर्ज अजून आत आहे, परत येताना अडकाल, तीन महिने थांबा, मग कुठेही जा. हे बोलणं झालं तेव्हा मी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोच्या ऑफिसात होतो. संध्याकाळी घरी आलो, जेवलो, मुलीला झोपवलं आणि बायकोला यातलं एक अक्षरही सांगितलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं होती. कॉम्प्युटर चिप्सच्या धंद्यात जपानचा बोलबाला होता आणि आमची कंपनी मला आठवडाभर तिथल्या एका कारखान्यात पाठवत होती. अमेरिकेत येऊन सात वर्षं झाली होती, पण मीटिंगमध्ये माझं नाव आपणहून कुणी घेतल्याची ती पहिलीच वेळ. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणी गेला असता. शिवाय डिसेंबरात नागपूरला माझ्या धाकट्या मेव्हण्याचं लग्न होतं. तिथून परत यायचं तर आम्हा दोघांच्याही पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागणार होता आणि तो टोकियोतल्या अमेरिकन वकिलातीत मिळतो असं एका पार्टीत ऐकलं होतं. म्हणून मी बायकोलाही बरोबर घेतलं. मुलगी चार वर्षांची, जन्माने अमेरिकन, तिला शिक्क्याची गरज नव्हती. बायकोला तिला बरोबर न्यायचं होतं. "आठवड्याचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो आणि मुलीला दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका मावशींकडे ठेवलं. मावशी मूळच्या गिरगावातल्या, प्रेमळ. मुलगी त्यांच्या कडेवरून हात हलवत राहिली, तेवढ्यात आमची टॅक्सी वळली.

शुक्रवारी वकिलातीच्या खिडकीमागच्या माणसाने आमचे कागद दोनदा चाळले. मला चार-पाच प्रश्न विचारले. मग म्हणाला की कंपनीचं आणखी एक पत्र लागेल, विचार करावा लागेल, मंगळवारी या. दोघांचे पासपोर्ट त्याने ठेवून घेतले आणि हातात एक पावती दिली.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "आणि नाही मिळाला तर?"

"मिळेल. फॉर्मॅलिटी आहे."

तिचं म्हणणं होतं की मंगळवारपर्यंत हॉटेलातच थांबावं, न जाणो फोन आला तर. पण कारखान्यातल्या लोकांनी ताकायामा नावाच्या डोंगरातल्या जुन्या गावाचं फार कौतुक केलं होतं, एका घरगुती खाणावळीत खोलीही घेऊन दिली होती. मी हट्टच धरला. बसून काय करणार, असं मी तिला म्हटलं. खरं कारण असं होतं, की त्या एवढ्याशा खोलीत चार दिवस समोरासमोर बसलो असतो तर मला सगळं सांगावं लागलं असतं.

शनिवारी आम्ही नदीच्या घळीतून जाणाऱ्या गाडीने तिथे पोचलो. रविवारी सकाळी आठला बाहेर पडलो तर चांगलीच थंडी होती. नदीकाठी बाजार भरला होता. डोक्याला फडकी बांधलेल्या म्हाताऱ्या बायका सफरचंदं, अळंबी, लाल सलगमाचं लोणचं घेऊन बसल्या होत्या. चव बघा, चव बघा, असं हातानेच सांगत होत्या. एरवी बायको प्रत्येकीपाशी थांबली असती. त्या दिवशी ती चालत होती आणि मधूनच म्हणत होती, "तिथे शनिवारचे दुपारचे चार वाजलेत. आता ती झोपून उठली असेल."

मी मात्र सारखा बोलत होतो. जुन्या गल्लीतली काळ्या लाकडाची घरं, त्यांच्या जाळ्या, दारूच्या भट्ट्यांवर टांगलेले देवदाराच्या पानांचे मोठाले गोळे, सगळ्यांची माहिती मी पुस्तिकेतून वाचून तिला ऐकवत होतो. ती हं, हं करत होती. एका दुकानात लाल कापडाच्या बाहुल्या होत्या, त्यांना डोळे, नाक, तोंड काहीच नव्हतं. दुकानदारीणबाईंनी खुणेने सांगितलं की आज्या नातवंडांसाठी या शिवतात. बायकोने एक उचलली, उलटसुलट केली आणि परत ठेवली. घे ना, मी म्हटलं. ती म्हणाली, "नको. देईन कधी ते माहीत नाही."

हे ती सहज बोलली. मी पुन्हा पुस्तिका उघडली.

साडेअकराच्या सुमाराला आम्ही जुन्या सुभेदाराची कचेरी पाहायला शिरलो. दारात बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात धरायचे असतात. चटयांच्या खोल्यांमागून खोल्या, पायाला गार लागणारी. शेवटी एक जागा होती, खाली नुसती खडी पसरलेली. आरोपींना तिथे गुडघ्यांवर बसवून जबाब घेत, असं पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं.

बायको ती पाटी वाचत उभी होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "शुक्रवारी त्या खिडकीतल्या माणसाने तुम्हाला विचारलं, निघण्याआधी वकिलाचा सल्ला घेतला होता का. तुम्ही हो म्हणालात. काय सल्ला दिला होता त्याने?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तीन आठवडे बोलतच होतो. पण तिने इतकं सरळ विचारलं होतं की मला जमलं नाही. मी म्हटलं, "जाऊ नका म्हणाला होता."

"कधी?"

"तिकिटं काढायच्या आधी."

ती पाटीपासून बाजूला झाली. वळली आणि आलेल्या वाटेने चालू लागली. मी मागोमाग गेलो. तिचे सपाट बूट तिने उभ्या उभ्या पायांत सरकवले. माझे लेसचे होते. मी खाली बसून गाठ मारत होतो, घाईत ती सुटत होती. वर पाहिलं तेव्हा फाटकाबाहेर ती दिसली नाही.

आधी मला वाटलं, जवळच असेल. लाल पुलावर गेलो, जुन्या गल्लीची दोन्ही टोकं पाहिली, बाजारात गेलो तर तो उठत होता, बायका टोपल्या बांधत होत्या. खाणावळीत विचारलं. स्टेशनवर गेलो. तिच्याकडे पासपोर्ट नव्हता आणि तिला तिथल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. पावती माझ्या खिशात होती. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि परदेशातल्या कुठल्याही गावात ती एकटी कधी चार पावलं गेली नव्हती. निदान माझी तशी समजूत होती. परत नदीवर आलो. पाणी उथळ होतं, गुडघाभर, खालचे दगड दिसत होते. तरी मी दोन्ही काठ नीट पाहिले. का पाहिले, ते लिहवत नाही.

शेवटी पुलाजवळच्या पोलीस चौकीत गेलो. आत एकच पोलीस होता, पन्नाशीचा, चष्मेवाला. मी इंग्रजीत सांगितलं, तो ऐकून घेत राहिला आणि मग त्याने एकच शब्द उच्चारला, "पासपोर्ट." मी वकिलातीची पावती पुढे केली. त्याने ती उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, हातात गावाची पुस्तिका, नीट न बांधलेले बूट. परदेशी माणसाने पासपोर्टाशिवाय फिरणं तिथे गुन्हा होता, हे मला माहीत होतं. आता हा मला इथेच बसवून ठेवणार आणि ती कुठेतरी एकटी भटकणार, असं मला वाटलं. मी कागदावर बाईचं चित्र काढलं, लांब वेणी, कपाळावर टिकली. त्याने टिकलीवर बोट ठेवलं, मान हलवली आणि फोन उचलला. एकामागून एक पाच-सहा ठिकाणी बोलला. मधे मला चहा ओतून दिला. तो तसाच गार झाला.

सातव्या फोनला तो हसला. पावतीवरचा मजकूर त्याने वहीत उतरवून घेतला, ती मला दोन्ही हातांनी परत दिली आणि सायकल हातात धरून माझ्यापुढे चालू लागला.

मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, एका दुकानात पिंपांच्या मागच्या चौथऱ्यावर बायको बसली होती. शेजारी दुकानाची म्हातारी मालकीण, मधे काळा फोन. टोकियोच्या हॉटेलातून तिने परदेशी कॉलच्या ऑपरेटरचा नंबर लिहून पर्समध्ये ठेवला होता. तो तिने म्हातारीला दाखवला होता, आणि बिल पलीकडच्यांनी भरायचं असं ऑपरेटरला सांगून मावशींचं घर लावून घेतलं होतं.

"बोलले तिच्याशी," ती म्हणाली. "बरी आहे."

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"ते आत्ता तुम्हाला सांगायचं नाहीये मला."

पोलीस वाकून नमस्कार करून निघून गेला. मी तिथेच पिंपाशी उभा राहिलो. माझी माफी मागून झाली, तीही अर्धवट, कारण तिने हात वर करून थांबवलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "वकील नेमकं काय बोलला ते शब्दन्‌शब्द सांगा. मग त्या खिडकीतल्या माणसाला कुठलं पत्र हवंय ते सांगा."

मी सांगितलं. ती मधे मधे प्रश्न विचारत होती, आणि ते प्रश्न मलाच सुचायला हवे होते. पत्रावर सही कुणाची चालेल? तो माणूस सोमवारी ऑफिसात असेल का? त्याच्या घरचा नंबर तुमच्याकडे आहे का? होता, डायरीत. क्युपर्टिनोत शनिवारचे रात्रीचे साडेनऊ झाले असतील, अशा वेळी साहेबाच्या घरी फोन कसा करायचा, असं मी म्हणालो. तिने फोन उचलून माझ्यापुढे ठेवला.

साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. सोमवारी सकाळी पहिलं काम हेच करतो, कारखान्याच्या फॅक्सवर पाठवतो, म्हणाला. म्हातारीने आम्हाला वाटीभर गरम मिसोचं पाणी दिलं. बायकोने ते दोन्ही हातांत धरून संपवलं. परतीच्या गाडीला अजून दोन तास होते. ते आम्ही टेकडीवरच्या देवळांच्या रस्त्यावर घालवले, ती पुढे, मी चार पावलं मागे. मेपलची पानं लाल झाली होती. 

मंगळवारी पत्र आलं आणि माझ्या पासपोर्टवर शिक्का मिळाला. तिच्या पासपोर्टवर नाही. लग्नाच्या दाखल्यात तिचं माहेरचं नाव होतं, पासपोर्टात सासरचं. एकच बाई असल्याचा कागद भारतीय दूतावासाकडून आणा, असं सांगितलं. त्याला आठवडा लागणार होता.

मी म्हणालो, मीही थांबतो.

"नाही. तुम्ही जा," ती म्हणाली. "तिच्याजवळ दोघांपैकी एक तरी पाहिजे. इथलं मी बघते."

मी गेलो. नऊ दिवस मुलगी आणि मी, दोघंच. ती रोज संध्याकाळी विचारायची, "व्हेन इज आई कमिंग?" आणि मी वेगवेगळी उत्तरं द्यायचो. मावशी डबा आणून द्यायच्या आणि दारातूनच परत जायच्या. बायको तिकडे एकटीने मेट्रोने दूतावासात जात होती, खिडकीपुढे रांगेत उभी राहत होती, कागद मिळवत होती. फोनवर फक्त कामापुरतं बोलायची, बाकीचा वेळ मुलीला द्यायची.

ती आली त्या दिवशी विमानतळावर मुलगी एकदम लाजली आणि माझ्या पायांमागे लपली. बायको जमिनीवर उकिडवी बसली आणि वाट पाहत राहिली. बराच वेळ गेला. लोक सामानाच्या गाड्या वळवून जात होते. मग मुलगी गेली, आधी चालत, मग धावत.

गाडीत ती मागे मुलीजवळ बसली. फ्रीवेला लागल्यावर म्हणाली, "वकिलाचा नंबर द्या मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पेन्सिल आणि वही घेऊन ती फोनपाशी उभी राहिली. मी ऑफिसला उशिरा जायचं ठरवलं होतं. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून मी ऐकत होतो. तिने आपलं नाव सांगितलं, आधी माहेरचं, मग सासरचं, दोन्ही अक्षर अक्षर करून. मग पहिला प्रश्न विचारला.