काट्यांखालचा आवाज

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती सोमवारची दुपार माझ्या डोक्यातून जात नाही.

कल्याणच्या पुढे दुसऱ्या महायुद्धातली विमानांची एक धावपट्टी आहे. सिमेंट फुटलेलं, पावसाळ्यानंतर पुरुषभर गवत, आणि त्या गवतात लपलेली जुनी तळघरं. डोंबिवलीचे एक गृहस्थ वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सुटीच्या दिवशी असली ठिकाणं शोधून त्यांचे नकाशे काढायचा त्यांना नाद. रविवारी सकाळी गेले ते परत आलेच नाहीत. सोमवारी त्यांच्या पत्नी आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. "साहेब, त्यांना शुगर आहे. गोळ्या घरीच राहिल्यात," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. बेपत्ता म्हणून नोंद घेतली. फोन बंद होता, शेवटचं लोकेशन धावपट्टीजवळचं.

तिथल्या टपरीवाल्याने खबर दिली की एक स्कूटर कालपासून उभी आहे, आणि गावातला एक म्हातारा रोज आत गवत कापायला जातो. म्हाताऱ्याला आम्ही विळ्यासकट उचलून आणलं.

माझी पद्धत ठरलेली होती. आधी दम द्यायचा, मग विचारायचं.

"सरकारी जागेत कोणाच्या परवानगीने शिरतोस? आत टाकू का?"

"मना काय म्हाईत नाय, सायब."

हात जोडून तेच उत्तर. नजर वर करेना, पाण्याला हात लावेना. यानेच काहीतरी केलंय अशी माझी खात्री होत चालली आणि माझा आवाज चढत गेला. दोन तास असे गेले. शेवटी आमच्या एका हवालदाराने, तो त्याच भागातला, मला न विचारता म्हाताऱ्याला बाहेरच्या बाकावर नेलं. चहा दिला, गुरांची चौकशी केली. थोड्या वेळाने हवालदार आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. म्हाताऱ्याकडून कळलेलं त्याने मला सांगितलं.

गुरं पडू नयेत म्हणून गावकरी तळघरांच्या भोकांवर बाभळीच्या फांद्या आणि वर गवत टाकून ठेवतात. रविवारी दुपारी त्यातलं एक भोक म्हाताऱ्याला उघडं दिसलं. जवळ गेला तर खालून कोणीतरी "पाणी" म्हणालं. लढाईत मेलेल्या कोणाचं तरी भूत, असं समजून त्याने भोकावर आणखी काटे लोटले आणि पळाला.

म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून आम्ही ते भोक गाठलं. काटे ओढून काढले, खाली मिट्ट काळोख आणि कुबट वास. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, तरी नाही. त्या बाईंना आता काय सांगायचं, हेच डोक्यात घोळू लागलं. हवालदार दोरीने खाली उतरला. मग तो ओरडला, "साहेब, श्वास चालू आहे!"

पाय मोडला होता, शुद्ध नव्हती, पण वाचले. "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले.

म्हाताऱ्याला सोडताना मी विचारलं, "भुताला एवढा घाबरलास?"

"भुताचं मी घरी सांगितलेलं, सायब. बायको हसली. तुमाला सांगायची हिंमत नाय झाली."

खाकीचा धाक बसला की अर्धा तपास झाला, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. त्यानंतर कधीच शिकवलं नाही. त्या दुपारी माझ्या धाकापायी एका माणसाचा जीव जाणार होता.