काकांचं तेल

"पाय हयसर दी," म्हणत काका समोरच्याचं पाऊल थेट आपल्या मांडीवर ओढायचे. मग तो देवळाचा मानकरी गावकर असो, शाळेतला मास्तर असो, की होडीवरून उतरलेला ओला खलाशी. तेल चोळताना वर त्याच्या आईवरून ऐकवायचे, "रडू नको. तुझी आवस ह्याच्यापेक्षा मोठ्यान रडलेली."

तेल गांजाच्या पानांचं होतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि विचाराल तर कोणालाच नव्हतं. अशी गुपितं तुमच्याही गावात असतील.

गोव्याच्या डॉक्टरांनी काकीला "आता घरी न्या" म्हटलं, तेव्हा काकांनी परसात केळींच्या आड ती रोपं लावली. त्या पानांच्या औषधाने कॅन्सरची कळ थांबे, काकीला चार घास जात. उरलेलं तेल गावाच्या गुडघ्यांना, माझ्या आईच्याही. पैसे पुढे केले तर काका चिडत, "माका दुकान घालूचा नाय!"

पोलीस आले तेव्हा काकांनी त्यांना पाणी दिलं आणि निघताना मागून हाक मारली, "साहेब, न्हाणीकडचं एक झाड राहिलं!" त्यांच्या वकिलाने पुढे कपाळावर हात मारला तो यासाठीच.

शिक्षा चार वर्षांची झाली. अपिलापुरता जामीन मिळाला. झाडं लावली हे काकांनी नाकारलंच नव्हतं. पण ते विकत नव्हते एवढं गावाने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं, तर शिक्षा कमी करून मागता येईल, असं वकील म्हणाले. मालवणात कचेरीबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे, म्हणून काका माझ्याकडे आले. "माका निर्दोष नको रे. ही आसा तवसर घरात ऱ्हवाक गावला म्हणजे झाला."

सह्यांच्या आदल्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घातलं. गावकराने आवाज चढवला, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान कोणाचा वायट करूक नाय. ह्याका घरात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव ओरडला. मीसुद्धा, चांगला घसा ताणून.

काका डोळे पुसत मला म्हणाले, "कागद तयार ठेव. उद्या गर्दी होतली."

अकरा कागद केले. त्यात एक माझ्या नावाचा. काका सकाळपासून माझ्या बाकड्यावर बसून होते. गावकराला अचानक कणकवलीला जावं लागलं. मास्तरांचा मुलगा पोलीस भरतीत होता. कोणाच्या होमस्टेचा परवाना अडकला असता. देवाला व्हय म्हणायला आधार कार्ड लागत नाही!

संध्याकाळी काकांनी माझा कागद मलाच परत दिला. "तुझा पोट ह्या कचेरीवर आसा. तू ऱ्हव." त्यांनी सबब दिली आणि मी ती घेतली. गावाला शिव्या घालायचा मला हक्क नाही, तरी मी घालतो.

अपील फेटाळलं. काका आत गेले आणि दोन महिन्यांत काकी गेली.

अग्नी द्यायला काकांना काही तासांसाठी आणलं, सोबत दोन पोलीस. सगळा गाव जमला होता. तिरडी उचलायला काकीचे दोन्ही भाऊ वाकले, मागच्या बाजूला आम्ही दहा-बारा जण पुढे सरलो.

"थांबा," काका म्हणाले. आमच्याकडे न बघता ते पोलिसांकडे वळले. "साहेब, तुम्ही दोघं जरा हात लावता का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग टोप्या काढून कुंपणावर ठेवल्या, बूट उतरवले आणि काकीला खांदा दिला.